पूर यायच्या आत व्हॉल्व्ह सुटला पाहिजे, तर फ्लँज कुठला घ्यायचा?

पत्र: काका, पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आमची अकरा जणांची मिळून नदीवरनं सहा इंची लाइन आहे. चौदाशे मीटर लांब, वरच्या टाकीपर्यंत चढ साधारण ४५ मीटर. हिशेब माझ्याकडं असतो. पुराचा इशारा आला की मोटर-पंप, एनआरव्ही (पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह), स्लूस व्हॉल्व्ह (चाक फिरवून गेट खाली-वर करायचा) सगळं काढून वर न्यायचं असतं आणि दरवेळी व्हॉल्व्हपाशीच अख्खी रात्र जाते. गेल्या पावसाळ्यात शेवटी गॅस कटरनं पाइप कापला. आता पंपहाऊसमधली सगळी डिलिव्हरी नवीन करायची आहे. फॅब्रिकेटर म्हणतो साधे एमएस (साध्या लोखंडाचे) फ्लँज, म्हणजे पाइपच्या टोकाच्या बोल्टच्या भोकांच्या चकत्या, दोन्हीकडनं मारून देतो, दुकानदार म्हणतो वेफर बटरफ्लाय घ्या, स्वस्त नि हलका, आणि दीर म्हणतात लूज फ्लँज करा. कुठला फ्लँज घेतला म्हणजे तासाभरात काम होईल? नाव छापू नका.

उत्तर:

ताई, पाइप कापायची वेळ आली म्हणजे तुमचे बोल्ट निघाले असणार आणि तरीबी व्हॉल्व्ह निघाला नसणार, बरोबर ना? पत्रात तुम्ही तसं लिहिलं नाही पण बोल्ट निघत नसते तर माणसं बोल्ट कापतात, पाइप नाही कापत. म्हणजे अडचण फ्लँजच्या प्रकारात कमी आणि जागेत जास्त आहे. एका बाजूला पंप फाउंडेशनला आवळलेला, दुसऱ्या बाजूला रायझिंग मेन, म्हणजे टाकीकडं चढणारी लाइन, काँक्रिटमधनं वर गेलेली, मधी तुमचा १५० मिमीचा व्हॉल्व्ह, त्याची फेस टू फेस, म्हणजे या तोंडापासनं त्या तोंडापर्यंतची, लांबी २६७ मिमी, दोन्हीकडं तीन-तीन मिमीचं रबर पॅकिंग. ते पॅकिंग वर्षभर दाबून बसलेलं, वरनं वेल्डिंग करताना पाइप थोडा ओढलेला असतोच, मग दोन्हीकडचे आठ-आठ बोल्ट काढले तरी व्हॉल्व्ह सरकायला एक मिलीमीटर जागा नाही. मग पहार घालायची, छन्नी मारायची, फ्लँजचा फेस खराब करायचा आणि पुढच्या वर्षी तिथनंच पाणी गळायचं.

म्हणून फॅब्रिकेटरच्या बोलण्यात फ्लँज चुकीचा नाही, "दोन्हीकडनं मारून देतो" हे चुकीचं आहे. स्लिप-ऑन, म्हणजे पाइपवर सरकवून वेल्ड करायचा, एमएस फ्लँज तुमच्या दाबाला भरपूर झाला. ४५ मीटर चढ म्हणजे उभ्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण साडेचार किलो, चालू पंपाचा त्याहून थोडा जास्त. वेल्ड-नेक (लांब मानेचा) फ्लँज साखर कारखान्याच्या स्टीम लाइनला ठीक, तुम्ही त्यावर पैसे घालू नका. स्लिप-ऑनला आतनं आणि बाहेरनं दोन्हीकडं वेल्डिंग करून घ्या, पाइपचं टोक फेसच्या थोडं आत ठेवायला सांगा म्हणजे आतलं वेल्डिंग फेसच्या वर येणार नाही. तो विषय एवढाच. पण एक बाजू हलली पाहिजे, हे आधी ठरवा आणि मग फ्लँज निवडा.

हलती बाजू करायचे मला पटलेले दोन मार्ग आहेत. पहिला डिसमेंटलिंग जॉइंट, बाजारात डीजे म्हणतात. दोन फ्लँजवाले तुकडे एकात एक सरकणारे, मधी रबर रिंग आणि लांब टाय रॉड. नट सैल केले की तुकडा आत सरकतो, २५ ते ५० मिमी जागा होते आणि व्हॉल्व्ह हाताने बाहेर येतो. सरकारी पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमधी बघितला असेल तुम्ही. यात एक काळजी, पंप चालू असताना ते टाय रॉड आवळलेलेच पाहिजेत, कारण १५० मिमीच्या पाइपला साडेचार किलो दाबानं साधारण ८०० किलोचा रेटा बसतो आणि सैल डीजे त्या रेट्यानं उघडतो.

दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि तुमच्यासारख्या गटाला मी तोच आधी सांगतो. पाइप जिथं काटकोनात वळतो तो बेंड वेल्ड करू नका, बेंडच्या दोन्ही टोकांना फ्लँज लावा. सरळ तुकड्याचे दोन्ही फेस समोरासमोर असतात म्हणून तो अडकतो, पण बेंडचा एक फेस खाली बघतो आणि एक बाजूला, त्यामुळं तो तिरका ओढला की दोन्ही फेस एकदमच सुटतात, जागा लागतच नाही. बेंड निघाला की त्याच्या शेजारचं जे काय असेल ते मोकळ्या जागेत सरकवून काढता येतं. दोन फ्लँज, सोळा बोल्ट आणि दोन पॅकिंग जास्तीचं, एवढाच खर्च. बेंडखाली टेकू मात्र पक्का द्या, आणि व्हॉल्व्हखाली वेगळा द्या, नाहीतर बेंड काढल्यावर सगळं वजन पंपाच्या फ्लँजवर लोंबकळतं, तो बिडाचा असतो आणि बीड वाकत नाही, तडकतं.

आता मांडणी अशी धरा. पंप, मग टेपर (लहान तोंड मोठ्या पाइपला जोडणारा निमुळता तुकडा), मग एनआरव्ही, मग फ्लँजचा बेंड, मग स्लूस व्हॉल्व्ह, मग वर जाणारी लाइन. आणि पुराच्या रात्री स्लूस व्हॉल्व्ह काढूच नका! खरंच सांगतो, तो वर न्यायची गरज काय? त्यात वायंडिंग नाही, बेअरिंग नाही. बीड आणि पितळ, आठ दिवस पाण्याखाली राहिला तरी ग्लँडचं, म्हणजे स्पिंडल (चाकाचा दांडा) बाहेर येतो तिथलं, पॅकिंग बदलून, स्पिंडलला ग्रीस लावून परत चालतो. पाण्यानं मरते ती मोटर आणि स्टार्टर. मोनोब्लॉक (पंप-मोटर एकाच अंगात) असेल तर पंपबी मोटरबरोबर जातो. म्हणजे त्या रात्री तुम्हाला स्लूस व्हॉल्व्ह बंद करायचा, बेंडच्या दोन्ही फ्लँजचे बोल्ट काढून बेंड बाजूला घ्यायचा, सक्शनचा एक जॉइंट सोडायचा, आणि फाउंडेशनचे चार नट. बाकी सगळं जागेवर. एनआरव्ही न्यायचाच असेल तर बेंड गेला की तो मोकळाच आहे.

यात वरच्या लाइनमधलं पाणी वाचतं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सहा इंची पाइपमधी मीटरला साधारण साडेसतरा लिटर पाणी मावतं, चौदाशे मीटरला जवळजवळ २५ हजार लिटर. व्हॉल्व्ह काढायचा म्हणजे आधी ते सगळं नदीत सोडायचं. अर्धी रात्र तिथंच गेली की. पण व्हॉल्व्ह बंद करून पंपाकडचं सगळं सोडलं की तोच ८०० किलोचा रेटा बंद व्हॉल्व्हला नदीकडं ढकलत राहतो, आणि आता त्याला पुढनं टेकवायला काहीच नाही. म्हणून व्हॉल्व्हच्या लगेच वरचा पाइप काँक्रिटच्या ब्लॉकमधी क्लॅम्प करून धरलेला पाहिजे. तुमची लाइन वर जाऊन पीव्हीसी होत असेल आणि जॉइंट रबर रिंगचे असतील तर हे नक्की करा, रिंगचा जॉइंट ओढ धरत नाही, सटकतो.

आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडाला ब्लाइंड, म्हणजे मधी भोक नसलेला बंद, फ्लँज लावा. एक ब्लाइंड आधीच भोकं पाडून, पॅकिंगसकट पंपहाऊसमधी टांगून ठेवा. व्हॉल्व्ह बंद असून थोडा गळत असेल तरी पाणी अडतं आणि पुराचा गाळ आत शिरत नाही. जुन्या पद्धतीच्या स्लूस व्हॉल्व्हला खाली खाच असते, त्यात आपल्या कृष्णेचा गाळ बसला की गेट पूर्ण खाली टेकत नाही आणि माणसं चाक आवळून आवळून स्पिंडल पिळतात. नवीनच घेताय तर रबर बसवलेल्या गेटचा घ्या, त्याचा तळ सपाट असतो. फक्त घेताना लांबी विचारा, १५० मिमीत २६७ चा पण मिळतो आणि २१० चा पण मिळतो, आज आखूड बसवला आणि उद्या दुकानात लांबच मिळाला तर परत कटर आणावा लागेल.

दुकानदाराच्या वेफर बटरफ्लायबद्दल. हलका आहे, जागा कमी खातो, स्वस्त आहे, सगळं खरं. पण वेफरला स्वतःचा फ्लँज नसतो, दोन फ्लँजच्या मधी तो लांब बोल्टांनी चिमटीत धरलेला असतो. पंपाकडची बाजू सोडायला बोल्ट काढले की वरची बाजूपण त्याच बोल्टांवर आहे, म्हणजे २५ हजार लिटर पाणी तुमच्या अंगावर. पाणी अडवून धरायच्या जागी वेफर कधीच नको. बटरफ्लायच हवा असेल तर लगवाला घ्या, त्याच्या अंगावर आट्यांची भोकं असतात, दोन्हीकडचे बोल्ट वेगवेगळे, एक बाजू सोडली तरी दुसरी धरून राहते. तोसुद्धा दुकानदाराला विचारून, की एका बाजूनं उघडा ठेवून किती दाब धरेल. बटरफ्लाय बसवला तर त्याची तबकडी उघडताना शेजारच्या पाइपमधी घुसते हे पण ध्यानात ठेवा, एचडीपीईच्या (प्लास्टिकच्या) पाइपची टोकाची जाड कॉलर, स्टब एंड, शेजारी असली की तबकडी अडते, तिथं आतनं तासून घ्यावं लागतं.

दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि त्यांना तसं सांगा. लूज फ्लँज म्हणजे पाइपच्या टोकाला कॉलर आणि त्यामागं फिरणारा फ्लँज. भोकं जुळवायला तो फार सुखाचा, अंधारात, पावसात, बॅटरीच्या उजेडात फ्लँज हाताने फिरवून भोकाला भोक लावता येतं. पण त्यानं जागा होत नाही, फ्लँज मागं सरकला तरी कॉलर जागेवरच राहते. शिवाय बिडाच्या व्हॉल्व्हला थेट लूज फ्लँज लावू नका, कॉलरवर जोर मधी येतो आणि बिडाच्या फ्लँजच्या कडेला बोल्ट ओढतात, कान तडकतो. लोखंडाला लोखंड जिथं मिळतं तिथंच तो लावा.

हेच फेसचं. बिडाच्या व्हॉल्व्हचा फेस सपाट असतो. तयार मिळणारे काही लोखंडी फ्लँज मधी उंच असतात, त्याला रेज्ड फेस म्हणतात. सपाट बिडाला उंच फेस लावून आवळला की तेच होतं, कान तुटतो. सपाट फेसचा फ्लँज घ्या आणि पॅकिंग पण पूर्ण तोंडाचं, बोल्टच्या भोकांसकट कापलेलं. ते बोल्टमुळं जागेवर राहतं, रात्री लावताना सरकत नाही, हा वेगळा फायदा.

आता ड्रिलिंग, यात फसलेले गट मी सांगली-मिरज भागात लय बघितलेत. पंप खोलून जोडणारा हात आपल्याकडं गावोगाव मिळतो, किर्लोस्करवाडी १९१० पासून तुमच्याच तालुक्यात आहे, पण फ्लँज घेताना "सहा इंची द्या" एवढंच बोलून माणसं घरी येतात. सहा इंची फ्लँज तीन-चार तऱ्हेचे आहेत. आपल्याकडच्या बिडाच्या व्हॉल्व्हवर बहुधा २४० मिमीच्या पीसीडीवर, म्हणजे भोकांच्या मध्यातनं जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर, आठ भोकं असतात. अमेरिकन १५० क्लासची पीसीडी २४१.३, आठच भोकं, ते भोकातल्या ढिलाईत जमून जातं. जुन्या ब्रिटिश टेबल डी किंवा ई ची पीसीडी २३५, ते जमत नाही, मग कुणीतरी गॅसनं भोकं लांबोळी करतं आणि तो जॉइंट आयुष्यभर वाकडा बसतो. तुमच्या पंपाची डिलिव्हरी चार इंची असेल तर तिथं अजून जपा. १०० मिमीला आपल्याकडच्या तऱ्हेची पीसीडी १८०, अमेरिकनची १९०.५, आणि टेबल डी ला तर चारच भोकं. आठ इंचीचं कुणाला करायचं असेल त्यांनी पण वाचून ठेवा, पीएन (दाबाचा वर्ग) १० ला आठ भोकं आणि पीएन १६ ला बारा, पीसीडी दोन्हीची २९५, म्हणजे मापानं सारखा दिसतो आणि बसत नाही. तेव्हा पंपाच्या तोंडाचा आणि व्हॉल्व्हचा पुठ्ठ्यावर ठसा घ्या, भोकं त्यावर पाडून घ्या आणि तो पुठ्ठा घेऊन दुकानात जा. ब्लाइंडला, बेंडला, डीजेला, सगळ्याला एकच ड्रिलिंग. पंपाचं वेगळं असेल तर तो फरक टेपरच्या एका तोंडावर मिटवा, पुढं पसरू देऊ नका.

वेल्डिंगच्या दिवशी तुम्ही किंवा सासरे तिथं उभे राहा. फ्लँजची वरची दोन भोकं पाणसळीनं लेव्हल करायची, भोक बरोबर डोक्यावर येता कामा नये, दोन भोकांचा मध्य डोक्यावर यायला पाहिजे. सगळीकडं हाच नियम पाळला की कुठलाही व्हॉल्व्ह कुठंही बसतो. टाके मारेपर्यंत व्हॉल्व्ह जागेवर बोल्ट करून ठेवा म्हणजे माप बरोबर येतं, पण पूर्ण वेल्डिंगच्या आधी तो काढा, आतलं रबर करपतं. आणि बेंडच्या फ्लँजमागं बोल्टच्या लांबीपेक्षा जास्त सरळ पाइप असू द्या. हे फार जण विसरतात. बोल्ट सैल होतो पण मागं टेपर किंवा बेंडचं पोट आडवं येतं आणि बोल्ट बाहेरच येत नाही, मग नवा कोरा जॉइंट असून पण कटर लागतो. खाली जमिनीपासनं आणि भिंतीपासनं वीतभर तरी मोकळं ठेवा, पाना फिरला पाहिजे.

बोल्टला पैसे वाचवू नका. एम २० चे, गॅल्वनाइज केलेले, नट आवळल्यावर दोन-तीन आटे बाहेर राहतील एवढेच लांब, जास्त लांब घेतले की बाहेरचे आटे गंजतात आणि नट त्या गंजातनं ओढत आणावा लागतो. जोडतानाच आट्यांना ग्रीस, जमलं तर ग्राफाइटचं. समोरासमोरचे आवळत जायचे. तीस मिमीच्या नटावर बसणारे दोन रिंग पाने तिथंच साखळीनं बांधून ठेवा. फॅब्रिकेटरला अजून एक सांगा, बेंडच्या एका फ्लँजला दोन बोल्टांच्या मधल्या जागेत, समोरासमोर दोन आट्यांची भोकं पाडून दे म्हणावं. त्यात बोल्ट घालून आवळले की चिकटलेला फ्लँज आपोआप उचलला जातो, पहार मारायची वेळ येत नाही.

एनआरव्ही आणि स्लूस व्हॉल्व्हच्या मधी खालच्या बाजूला अर्ध्या इंचाचा कॉक ठेवायचाच. हे मी विनंती करून सांगतोय. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गटाच्या पंपहाऊसमधी रात्री आम्ही असाच जॉइंट सोडत होतो, व्हॉल्व्ह बंद आहे असं सगळ्यांनी धरलं होतं, तो पूर्ण बसलेलाच नव्हता. माझ्याबरोबरच्या पोरानं स्वतःकडचे नट आधी काढले, फ्लँज उघडला, पाणी छातीवर बसून तो मागं काँक्रिटवर आदळला. हात मोडला. कॉक असता तर तो उघडून दोन मिनिटात कळलं असतं की पाणी येतंय. तेव्हापासून मी आधी कॉक उघडतो, थेंब थांबेपर्यंत बोल्टला हात लावू देत नाही, आणि बोल्टपण आपल्यापासनं लांबचे, खालचे आधी सैल करायचे, काढायचे नाहीत, नुसते सैल. पाणी पलीकडं निघू दे, मग बाकीचे.

पैसे एकदम जमणार नसतील तर क्रम असा लावा, फ्लँजचा बेंड, ब्लाइंड, कॉक आणि वरच्या पाइपचा काँक्रिट ब्लॉक यंदाच. व्हॉल्व्ह जुना चांगला असेल तर तोच ठेवा, डीजे पंपहाऊसमधी बेंड बसवायला जागाच नसेल तरच घ्या.

आणि मे महिन्यात, नदी खाली असताना, एकदा सगळ्यांना बोलावून खरोखर सोडून बघा. संध्याकाळी अंधार पडल्यावर, घड्याळ लावून. कोयनेतनं विसर्ग वाढल्याची बातमी येते तेव्हा अकरा जणांपैकी चारच जागेवर सापडतात, त्यातले दोन मोटर ओढायला लागतात. म्हणून बेंड सोडणं, ब्लाइंड लावणं हे दोन माणसांत झालं पाहिजे. सासऱ्यांना विचारून २०१९ च्या पुराची पाण्याची खूण भिंतीवर रंगवून घ्या, काढलेला बेंड, बोल्टचा डबा आणि पाने त्या खुणेच्या वर कुठं ठेवायचे ती जागा पण त्याच दिवशी ठरवा. किती मिनिटं लागली ते मला कळवा, आणि कुठं अडलं तर त्या जॉइंटचा फोटो पाठवा, बाजूला माप धरून.